किंमत आणि मोल : फुटबॉलपटू ह्यूई गॅलाहर

१९३० सालच्या सप्टेंबर महिन्याची तीन तारीख. वार बुधवार, म्हणजे कामाचा दिवस. इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यातील न्यूकॅसल शहरात त्या दिवशी सेंट जेम्स पार्क या मैदानावर ६८,३८६ प्रेक्षक जमले होते. त्या मैदानावर एवढी गर्दी पूर्वी कधी झाली नव्हती, आणि त्या शतकात पुढेही कधी झाली नाही. दारे बंद झाल्यामुळे कित्येकांना बाहेर रस्त्यावरच उभे राहावे लागले. वास्तविक सामना हंगामाच्या अगदी आरंभीचा होता. त्याच्या निकालावर काही मोठे अवलंबून नव्हते. मग आपली कामे टाकून हे लोक कशासाठी आले होते?

ते आले होते एका माणसाला पाहण्यासाठी, आणि तो माणूस त्या दिवशी त्यांच्या संघाकडून खेळत नव्हता. पाहुण्या चेल्सी संघाच्या निळ्या सदऱ्यात एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा खेळाडू मैदानात उतरला. त्याची उंची होती अवघी पाच फूट पाच इंच. चारच महिन्यांपूर्वी तो न्यूकॅसलचा होता. त्यांचा कर्णधार राहिलेला होता. त्यांच्या शहराला त्याने लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते. संघाच्या चालकांनी त्याला दहा हजार पौंडांना विकून टाकले होते. सामना न्यूकॅसलने एका गोलने जिंकला. परंतु लोकांच्या स्मरणात राहिला तो निकाल नव्हे, तर आपल्यापासून तोडल्या गेलेल्या खेळाडूला पाहण्यासाठी लोटलेला तो जनसमुदाय. त्या खेळाडूचे नाव ह्यूई गॅलाहर. दोन महायुद्धांच्या दरम्यान स्कॉटलंडने जे थोर फुटबॉलपटू निर्माण केले, त्यांत त्याचे स्थान पहिल्या रांगेतले आहे. आणि खेळाडूची बाजारातली किंमत आणि माणूस म्हणून त्याचे मोल यांत केवढे अंतर पडू शकते, याचेही त्याच्या आयुष्याइतके बोलके उदाहरण विरळाच सापडेल.

ह्यूई गॅलाहरचा जन्म २ फेब्रुवारी १९०३ रोजी बेल्सहिल या गावी झाला. ग्लासगोच्या आग्नेयेस लॅनार्कशायर परगण्यात हे गाव वसलेले आहे. त्या काळी या सगळ्या मुलखावर कोळशाच्या खाणींचे आणि पोलादाच्या भट्ट्यांचे राज्य होते. आयर्लंडमधून आणि दूरच्या लिथुएनियामधून पोट भरण्यासाठी आलेली कुटुंबे तेथे दाटीवाटीच्या चाळींतून राहत. मुलगा मोठा झाला की त्याने खाणीत उतरायचे, हा शिरस्ता ठरलेला. गॅलाहरही पोरवयातच खाणीत उतरला. जमिनीखालच्या त्या काळोखातून वर येण्याचे मार्ग थोडे होते, आणि त्यांतला एक मार्ग फुटबॉलच्या मैदानातून जात होता.

या मुलखातील मुलांचा खेळ ज्या साधनावर घडला, ते साधन म्हणजे सहा पेन्सांना मिळणारा एक लहानसा रबरी चेंडू. चामड्याचा मोठा चेंडू घेण्याची ऐपत कोणाची नव्हती आणि गवताचे मैदानही जवळ नव्हते. तेव्हा दगडी फरसबंदीच्या गल्लीत, दिव्याच्या खांबाखाली, या उसळत्या चेंडूवर मुले तासन्तास झुंजत. जागा अपुरी, चेंडू लहान आणि अवतीभोवती दहा-बारा पाय. अशा स्थितीत चेंडू पायाला चिकटवून ठेवण्याची, अंगाला हेलकावा देऊन समोरच्याला फसविण्याची आणि वीतभर जागेत वळण्याची कला ज्याला साधे, तोच टिके. स्कॉटिश आघाडीच्या खेळाडूंची जी नजाकत पुढे इंग्लंडच्या मैदानांवर वाखाणली गेली, तिचे मूळ या गल्ल्यांत आहे. गॅलाहरचा शाळूसोबती ॲलेक्स जेम्स याच गल्ल्यांत वाढला आणि पुढे आर्सेनल संघाचा मेंदू म्हणून नावाजला गेला. मँचेस्टर युनायटेडचे विख्यात व्यवस्थापक मॅट बस्बी हेही याच परिसरातील एका खाणकामगाराचे पुत्र.

स्कॉटिश फुटबॉलची परंपरा अर्थात याहून जुनी आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामधील पहिला आंतरराष्ट्रीय सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगो येथे झाला. एकही गोल झाला नाही. पण दोन्ही संघांच्या पद्धतीतला फरक त्यात उघड झाला. इंग्रज खेळाडू चेंडू घेऊन एकटाच पुढे धावे. स्कॉटिश खेळाडू तो आपल्या सोबत्याकडे सरकवीत. एकमेकांना चेंडू देत पुढे जाण्याची ही रीत पुढे जगभर रूढ झाली. ती शिकविण्यासाठी इंग्लंडमधील क्लबांनी स्कॉटिश खेळाडूंना पैसे देऊन नेले, आणि लोक त्यांना कौतुकाने 'स्कॉच प्रोफेसर' म्हणू लागले. या परंपरेचा एक धागा भारतापर्यंतही येऊन पोहोचला होता. १८८८ साली सिमल्याला ड्युरँड चषकाची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा अंतिम सामन्यात उतरलेल्या दोन्ही पलटणी, रॉयल स्कॉट्स फ्यूझिलिअर्स आणि हायलँड लाइट इन्फन्ट्री, स्कॉटलंडच्याच होत्या.

गॅलाहरच्या कारकिर्दीचा आरंभ डम्फ्रीस येथील क्वीन ऑफ द साउथ या नव्या, लहानशा क्लबात १९२० च्या अखेरीस झाला. तेथे तो जेमतेम काही आठवडे खेळला असेल, तोच न्यूमोनियाने त्याला गाठले आणि तो मरणाच्या दारातून परत आला. प्रकृती सुधारताच, १९२१ साली, एअर्ड्रिओनियन्स संघाने त्याला आपल्याकडे घेतले. एअर्ड्री हे बेल्सहिलच्या शेजारचे छोटे औद्योगिक शहर. ग्लासगोच्या रेंजर्स आणि सेल्टिक या दोन बलाढ्य संघांपुढे त्याचा टिकाव लागेल असे कोणाला वाटले नसते. परंतु गॅलाहर तेथे आल्यानंतर १९२३ पासून १९२६ पर्यंत सलग चार वर्षे या संघाने स्कॉटिश लीगमध्ये दुसरा क्रमांक पटकावला, आणि १९२४ साली हायबर्नियन संघाचा दोन शून्य असा पराभव करून स्कॉटिश चषक जिंकला. त्याच वर्षी गॅलाहरची स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघात निवड झाली. पुढील अकरा वर्षांत तो देशासाठी वीस सामने खेळला आणि त्यांत त्याने वीसहून अधिक गोल केले. सामन्यामागे एकाहून अधिक गोल हे प्रमाण आंतरराष्ट्रीय खेळात फार थोड्यांना राखता आले आहे.

डिसेंबर १९२५ मध्ये न्यूकॅसल युनायटेडने त्याच्यासाठी ६,५०० पौंड मोजले. गॅलाहर इंग्लंडमध्ये आला तो क्षण फुटबॉलच्या इतिहासात मोठ्या संक्रमणाचा होता, आणि तो समजून घेतल्याखेरीज त्याच्या पराक्रमाचे मर्म ध्यानात येणार नाही. त्याच वर्षी उन्हाळ्यात ऑफसाइडचा नियम बदलला होता. जुन्या नियमाप्रमाणे, चेंडू पुढे दिला जात असताना आघाडीचा खेळाडू आणि प्रतिपक्षाची गोलरेषा यांच्या दरम्यान प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असणे आवश्यक असे. एक गोलरक्षक आणि दोन फुलबॅक मिळून हे तीन होत. आता दोन फुलबॅकपैकी एक जण योग्य क्षणी चार पावले पुढे सरकला, की मागे दोघेच उरत आणि हल्ला करणारा आपोआप ऑफसाइड ठरे. ही युक्ती साधण्यात बिल मॅक्रॅकन हा फुलबॅक इतका तरबेज होता, की त्याच्यामुळे खेळ पुन्हा पुन्हा थांबे आणि प्रेक्षक वैतागून जात. गमतीची गोष्ट अशी, की मॅक्रॅकन न्यूकॅसलचाच होता. अखेर नियमातील तिघांचे दोघे करण्यात आले. त्याचा परिणाम तत्काळ दिसून आला. इंग्लंडच्या पहिल्या विभागात १९२४-२५ च्या हंगामात एकंदर १,१९२ गोल झाले होते. पुढच्याच हंगामात ते १,७०३ झाले.

बचाव करणारे या नव्या स्थितीत गोंधळून गेले होते. मधला हाफबॅक मागे ओढून घेऊन त्याला दोन फुलबॅकच्या मध्ये उभा करण्याचा उपाय सर्वत्र रूढ होण्यास अवधी होता. दरम्यान आघाडीच्या मध्यावर खेळणाऱ्या सेंटर फॉरवर्डला पूर्वी कधी मिळाले नव्हते असे मोकळे रान मिळाले. अनेक संघांनी त्या जागी उंचपुरे, धिप्पाड गडी ठेवले. चेंडू हवेतून यावा आणि त्यांनी तो डोक्याने जाळ्यात ढकलावा, अशी ती योजना. गॅलाहर या साच्यात बसणारा नव्हता. त्याने आपले सामर्थ्य जमिनीवरच्या खेळातून उभे केले. गोलाकडे पाठ करून तो चेंडू घेई, पाठीशी चिकटलेल्या रक्षकाला खांद्याच्या एका हालचालीने चुकीच्या बाजूला झुकवी, आणि तो सावरण्यापूर्वी वळून कोणत्याही पायाने फटका मारी. एवढ्या कमी उंचीचा असूनही डोक्याने चेंडू मारण्यातही तो उणा नव्हता, कारण उडी केव्हा घ्यायची याचा त्याचा अंदाज सहसा चुकत नसे.

न्यूकॅसलच्या मैदानावर त्याचा पहिला सामना एव्हर्टनविरुद्ध झाला. तो ३-३ असा बरोबरीत सुटला आणि त्यात दोन गोल गॅलाहरचे होते. पहिल्याप्रथम त्याचा ठेंगणा बांधा पाहून चकित झालेले प्रेक्षक घरी जाताना त्याचे भक्त होऊन गेले. पुढल्या हंगामात त्याच्याकडे कर्णधारपद आले. १९२६-२७ चा तो हंगाम. मे १९२६ मध्ये इंग्लंडभर खाणकामगारांची कामबंदी सुरू झाली होती आणि ती त्या वर्षाच्या शेवटापर्यंत लांबली. न्यूकॅसलच्या भोवतालचा मुलूख कोळशाचा आणि जहाजबांधणीचा. तेथल्या घराघरांत त्या वर्षी चुली जेमतेम पेटत होत्या. अशा वर्षी स्वतः खाणीतून आलेल्या या कर्णधाराने ३८ लीग सामन्यांत ३६ गोल केले आणि न्यूकॅसलला लीगचे विजेतेपद मिळवून दिले. १९०५, १९०७ आणि १९०९ नंतरचे ते चौथे विजेतेपद. विसावे शतक संपेपर्यंत पाचवे काही त्या शहराला लाभले नाही. त्या लोकांचे गॅलाहरवर एवढे प्रेम का होते, याचा उलगडा या पार्श्वभूमीवर होतो.

पण गॅलाहरच्या स्वभावाची दुसरी बाजूही होती. त्याचा खेळ जितका नाजूक, तितकी त्याची जीभ तिखट होती. त्याला अडविण्याचा सोपा उपाय म्हणजे त्याच्या घोट्यांवर लाथा घालणे, आणि त्या काळचे रक्षक तो उपाय सर्रास करीत. अंगावर झालेल्या आघातांची भरपाई तो शब्दांनी करी. रक्षकांना बोले, पंचांनाही बोले. ३१ डिसेंबर १९२७ रोजी हडर्सफील्डविरुद्धच्या सामन्यात आपल्याला मिळायला हवी होती ती पेनल्टी नाकारली गेली, या समजुतीने तो पंचांवर संतापला. सामना संपल्यावर, म्हणे, क्षमा मागण्यासाठीच तो पंचांच्या खोलीत गेला. पंच स्नानाच्या टाकीवर वाकलेले होते. ते दृश्य पाहून गॅलाहरला मोह आवरला नाही आणि त्याने त्यांना पाण्यात ढकलून दिले. या प्रकाराबद्दल त्याला दोन महिने खेळण्यास बंदी करण्यात आली. गोष्ट हसण्यासारखी खरी. परंतु क्षणाच्या आवेगापुढे आपल्याला थांबता येत नाही, हे तिच्यातून दिसलेले वैगुण्य पुढे त्याच्या आयुष्यात फार महाग पडले.

या बंदीनंतर लगेच जो सामना आला, तो स्कॉटलंडच्या क्रीडा-इतिहासातील सर्वांत गाजलेला सामना होय. ३१ मार्च १९२८ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर स्कॉटलंडची इंग्लंडशी गाठ होती. त्या मोसमात दोन्ही देशांची कामगिरी निराशाजनक झाली होती. त्यातच स्कॉटलंडने निवडलेला संघ पाहून ग्लासगोमध्ये नाराजी पसरली. अकरांपैकी आठ खेळाडू इंग्लंडमधील क्लबांत खेळणारे. गॅलाहर तर नुकताच बंदीतून सुटलेला. आणि आघाडीच्या पाचांपैकी एकही जण धड उंच नाही. ॲलेक्स जॅक्सन, जिमी डन, ह्यूई गॅलाहर, ॲलेक्स जेम्स आणि ॲलन मॉर्टन ही ती पाच नावे स्कॉटलंडमध्ये आजही एका दमात घेतली जातात. त्या दिवशी पाऊस पडत होता, मैदान निसरडे झाले होते, आणि इंग्लंडच्या उंच, जड रक्षकांना त्यावर वळता येईना. डावीकडून मॉर्टनने चेंडू उंच टाकावा आणि उजवीकडून धावत आलेल्या जॅक्सनने तो जाळ्यात घालावा, असा क्रम तिसऱ्याच मिनिटाला सुरू झाला. जॅक्सनने तीन आणि जेम्सने दोन गोल केले. इंग्लंडला अगदी अखेरीस एक गोल करता आला. पाच-एक अशा या विजयानंतर त्या अकरा जणांना 'वेम्बलीचे जादूगार' हे नाव कायमचे चिकटले.

त्या पाच गोलांत गॅलाहरचा एकही नव्हता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इंग्लंडचे रक्षक त्याच्यावर पाळत ठेवून होते. हे ओळखून तो त्यांना आपल्यामागे ओढत मैदानभर हिंडला आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेत जेम्स आणि जॅक्सन यांनी आपला डाव साधला. गोल हेच ज्याच्या कीर्तीचे चलन होते, त्या खेळाडूने आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या सामन्यात ते दुसऱ्यांना मिळू दिले. त्याचा ताठा आणि भांडखोरपणा सांगणाऱ्यांनी हीही नोंद ठेवायला हवी.

दोन वर्षांनी, मे १९३० मध्ये, न्यूकॅसलने त्याला चेल्सीला विकले. त्या हंगामात संघ खालच्या विभागात घसरता घसरता वाचला होता, आणि तो वाचण्यात गॅलाहरच्या गोलांचा वाटा मोठा होता. परंतु दहा हजार पौंड ही रक्कम चालकांना अधिक मोलाची वाटली. येथे त्या काळच्या इंग्लिश फुटबॉलची व्यवस्था थोडी उलगडून पाहिली पाहिजे. व्यावसायिक खेळाडूला द्यावयाच्या वेतनावर १९०१ सालापासून कमाल मर्यादा घातली गेली होती. १९२२ पासून ती मर्यादा हंगामात आठवड्याला आठ पौंड आणि उन्हाळ्याच्या सुटीत सहा पौंड अशी होती. विजयाबद्दल दोन पौंड आणि बरोबरीबद्दल एक पौंड वर मिळे. खाणकामगाराच्या मजुरीशी तुलना केली तर ही मिळकत काही कमी नव्हती. तथापि ती वाढू शकत नव्हती. राखीव फळीतून नुकताच वर आलेला होतकरू मुलगा आणि अर्धा लाख लोकांना मैदानाकडे खेचून आणणारा गॅलाहर, दोघांच्याही डोक्यावर छत एकाच उंचीचे होते.

याच्या जोडीला दुसरे बंधन होते ते क्लब बदलण्यासंबंधीचे. करार वर्षाचा असे. पण तो संपला म्हणून खेळाडू मोकळा होत नसे. क्लबने त्याचे नाव आपल्या यादीत राखून ठेवले, की त्याला लीगमधील दुसऱ्या कोणत्याही क्लबाकडून खेळता येत नसे. उलट क्लबच्या मनात आले, तर त्याला किंमत लावून विकता येई. ती किंमत क्लबच्या तिजोरीत जाई. आता हिशेब करून पाहावा. आठवड्याला आठ पौंड बाराही महिने मिळाले असे धरले, तरी वर्षाचे ४१६ पौंड होतात. म्हणजे गॅलाहरच्या विक्रीची रक्कम ही त्याच्या चोवीस वर्षांच्या वेतनाएवढी होती. त्या वेळच्या सरकारी दराने रुपयांत सांगायचे, तर ज्याच्यासाठी एक लाख तेहेतीस हजार रुपये मोजले गेले, त्या माणसाच्या हाती आठवड्याला सुमारे एकशे सात रुपये पडत.

या चौकटीतून वाट काढणारेही होते. ॲलेक्स जेम्स १९२९ साली आर्सेनलला गेला, तेव्हा लंडनच्या सेल्फ्रिजेस या प्रचंड दुकानात खेळाच्या सामानाच्या विभागात त्याला वर्षाला अडीचशे पौंडांची नोकरी लावून देण्यात आली. नियम मोडला गेला नाही आणि वेतनही वाढले. जेम्सला असा व्यवहार साधता येई. गॅलाहरला तो साधत नसे. एकाच गावच्या, एकाच शाळेच्या, एकाच रबरी चेंडूवर वाढलेल्या या दोन मित्रांच्या आयुष्यांची वळणे येथे वेगळी झाली. जेम्सच्या मागे उभा असलेला संघ त्या दशकात एकामागून एक विजेतेपदे मिळवीत गेला. गॅलाहरचा चेल्सी संघ मोठमोठी नावे विकत घेऊनही मागेच राहिला. १९३२ साली चेल्सीने एफ. ए. चषकाच्या उपान्त्य फेरीपर्यंत मजल मारली. तेथे गॅलाहरने गोल केला, तरी सामना दोन-एक असा हरला. हरविणारा संघ न्यूकॅसलच होता, आणि पुढे चषकही त्यानेच जिंकला.

चेल्सीत असतानाच गॅलाहरची घरची घडी पार विस्कटली. फार लहान वयात केलेले पहिले लग्न मोडले होते. घटस्फोटाचा खटला वर्षानुवर्षे रेंगाळला आणि त्याच्या खर्चाने तो बुडाला. १९३४ साली न्यायालयाने त्याला दिवाळखोर ठरविले. ज्याच्यासाठी दोन क्लबांनी मिळून साडेसोळा हजार पौंड एकमेकांना वा इतरांना दिले, तो माणूस काही शेकडा पौंडांच्या देण्यापायी न्यायालयात उभा होता. त्याच वर्षी डर्बी काउंटीने त्याला घेतले. तेथेही त्याने आपली करामत दाखविली. ब्लॅकबर्नविरुद्ध एका सामन्यात त्याने पाच गोल केले. पण वय तिशीच्या पुढे गेले होते आणि लाथा खाल्लेले पाय कुरकुरू लागले होते. डर्बीने मोजलेली रक्कम सुमारे तीन हजार पौंड होती. १९३६ मध्ये नॉट्स काउंटीने दोन हजार दिले. १९३८ च्या आरंभी ग्रिम्स्बीने एक हजार. आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात गेट्सहेड या तिसऱ्या विभागातील लहान संघाने पाचशे. एखाद्या जुन्या यंत्राची किंमत घसरत जावी, तसा हा उतरता जिना होता. गंमत एवढीच, की जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे राहिले, म्हणजे टाइन नदीच्या पलीकडे न्यूकॅसल दिसते.

गेट्सहेडला तो आला तेव्हा जुनी माणसे पुन्हा लोटली. तो पस्तिशीचा झाला होता, तरी त्या हंगामात त्याने १८ गोल केले. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले, लीगचे सामने थांबले आणि गॅलाहरची कारकीर्द संपली. स्कॉटलंड आणि इंग्लंड या दोन्ही देशांच्या लीगमध्ये मिळून सुमारे ५४० सामने तो खेळला आणि त्यांत त्याने ३८० हून अधिक गोल केले.

त्यापुढची वर्षे गेट्सहेडमध्येच गेली. कधी कारखान्यात काम, कधी वर्तमानपत्रात फुटबॉलवर लेखन, असे करीत तो राहिला. धर्मादाय कामासाठी सामना असला की पन्नाशीच्या घरातही पायात बूट चढवून मैदानात उतरे, आणि बाप आपल्या मुलांना बोट दाखवून सांगत, की तो पाहा, तो गॅलाहर. दुसऱ्या लग्नाने त्याला स्थिर संसार लाभला होता. परंतु १९५० साली ती पत्नी वारली आणि त्याचा आधार गेला. मद्याचे व्यसन वाढले. १९५७ च्या मे महिन्यात घरात झालेल्या एका भांडणात रागाच्या भरात त्याने फेकलेली वस्तू त्याच्या मुलाला लागली. प्रकरण पोलिसांत गेले आणि त्याच्यावर मुलाला वाईट रीतीने वागविल्याचा आरोप ठेवण्यात आला. वर्तमानपत्रांतून त्याचा गाजावाजा झाला. ज्या रस्त्यांवर लोक त्याला थांबवून हस्तांदोलन करीत, त्याच रस्त्यांवर तो मान खाली घालून हिंडू लागला. १२ जूनला त्याला न्यायालयात उभे राहायचे होते. आदल्या दिवशी, ११ जून १९५७ रोजी, गेट्सहेडजवळ लो फेल येथील रेल्वेमार्गावर त्याने आपले आयुष्य संपविले. मुलाला झालेल्या इजेबद्दलचा पश्चात्ताप त्याने मागे ठेवलेल्या पत्रात नमूद होता. त्याचे वय तेव्हा चौपन्न वर्षांचे होते.

या शेवटाचा सारा दोष वेतनाच्या नियमांवर टाकणे न्यायाचे होणार नाही. त्याच नियमांखाली शेकडो खेळाडू जगले, निवृत्त झाले आणि आपापले संसार चालवीत राहिले. गॅलाहरचा संताप त्याचा स्वतःचा होता आणि व्यसनही त्याचे स्वतःचे होते. आणि त्या संतापाची झळ ज्या मुलाला लागली, त्याचे दुःख बापाच्या कीर्तीने पुसले जात नाही. परंतु एवढे मात्र म्हणता येईल, की ज्या व्यवस्थेने त्याचे पाय विकत घेतले, त्या व्यवस्थेला त्या पायांवर उभ्या असलेल्या माणसाशी काही कर्तव्य नव्हते. तो खेळत होता तोवर त्याची किंमत प्रत्येकाला ठाऊक होती. खेळ थांबला आणि ती शून्यावर आली. मग त्याचे मोल कोणी करावे, हा प्रश्न कोणाच्याच वहीत नव्हता.

काळ बदलला, पण तो गॅलाहरच्या मृत्यूनंतर. खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केल्यावर जानेवारी १९६१ मध्ये वेतनाची कमाल मर्यादा रद्द झाली. खेळाडूला करार संपल्यावरही अडकवून ठेवण्याची पद्धत न्यायालयासमोर आली ती जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूमुळे. १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निर्णय दिला, की अशा रीतीने माणसाला अडवून ठेवणे हे त्याच्या व्यवसायस्वातंत्र्यावरील अन्याय्य बंधन आहे. ईस्टहॅमला ज्या क्लबाने अडवून ठेवले होते, तो क्लब न्यूकॅसल युनायटेडच होता. एका पिढीपूर्वी त्याच क्लबाने आपल्या सर्वांत लाडक्या खेळाडूला विकले होते. आता दुसऱ्या एका खेळाडूला तो जाऊ देत नव्हता. दोन्ही वेळा निर्णय खेळाडूच्या हाती नव्हता, आणि वादाचे मूळ नेमके तेथेच होते.

आज फुटबॉलपटूंना मिळणाऱ्या रकमा ऐकून पुष्कळांना नवल वाटते, क्वचित रागही येतो. त्या रकमा योग्य की अयोग्य, याविषयी मतभेद होऊ शकतील. तथापि तो विचार करताना १९३० सालच्या त्या बुधवारची आठवण ठेवणे बरे. त्या दिवशी ६८,३८६ लोकांनी दारावर पैसे भरले. त्यांतल्या बहुतेकांच्या खिशात फारसे काही नव्हते, आणि त्यांना पाहायचा होता तो एकच माणूस. आठवड्याच्या अखेरीस त्या माणसाच्या हाती पडायचे होते आठ पौंड. पैशाचा हिशेब तेवढ्यावर मिटत होता. पण कामाचा दिवस बुडवून, आपल्या विरुद्ध खेळायला आलेल्या एका खेळाडूला डोळे भरून पाहण्यासाठी जे लोक आले होते, त्यांनी त्याचे मोल केव्हाच केले होते.